मँचेस्टरला जाऊन काय पाहावे?

आपल्या वडोद्यातील जुन्या मराठी घरांतून परदेशी जाण्याचे आता कोणास अप्रूप राहिलेले नाही. दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील एखाद्या वाड्यात सहज चौकशी केली, तर मुलगा इंग्लंडात, सून इंग्लंडात आणि आजी-आजोबा तिकडून नुकतेच परतलेले, असे चित्र हटकून दिसते. परत आलेल्यांना काय पाहिले म्हणून विचारावे, तर लंडनचा पूल, राणीचा वाडा, मोठे घड्याळ आणि मेणाचे पुतळे एवढी यादी मिळते. मुलगा मँचेस्टरला असला तर पुढे एक वाक्य येते : ‘‘मँचेस्टरला तसे पाहण्यासारखे काही नाही. पाऊस फार आणि फुटबॉलचे वेड.’’

या वाक्याला हरकत घेण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. गेल्या वर्षी तेथे राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आग्रहावरून मी तीन आठवडे त्या शहरात होतो. पाऊस होता हे खरे, फुटबॉलचे वेडही होते. परंतु लंडनच्या यूस्टन स्थानकातून निघून दोन तासांहून थोड्या अधिक वेळात ज्या गावात पोहोचता येते, तेथे आपल्यासारख्यांनी, म्हणजे एका संस्थानच्या राजधानीत वाढलेल्या आणि वाडवडिलांचे काहीतरी सांभाळून असलेल्या माणसांनी, जे पाहावे ते लंडनमध्येही सहजी दिसणार नाही. म्हणून काय पाहावे हे आधी सांगतो आणि ते का पाहावे हे नंतर.

मँचेस्टर हे कापसाचे गाव. आपल्या गुजरातेतल्या माणसाला ही ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. भडोचचा कापूस ‘ब्रोच’ या नावाने परदेशी बाजारांत ओळखला जाई, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड येऊन आपल्याकडचे हातमाग बसले, ही हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. या कथेची पलीकडची बाजू पाहायची असेल तर प्रथम ‘सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम’मध्ये जावे. ज्या आवारात ते आहे ते लिव्हरपूल रोडचे स्थानक. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली ती येथपर्यंत. उतारूंच्या आगगाडीचे इतके जुने स्थानक जगात दुसरे शिल्लक नाही. आतील वस्त्रोद्योगाच्या दालनात जुनी यंत्रे चालवून दाखवतात. एक माग सुरू झाला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. असे शेकडो माग एका छताखाली दिवसभर चालत आणि बाया एकमेकींच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखत. गाणे शिकवणाऱ्या माणसाला त्या दालनात पाच मिनिटे उभे राहवत नाही. मग ज्यांचे आयुष्य त्या आवाजात गेले त्यांच्या कानांचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

तेथून चालत ‘रॉयल एक्स्चेंज’मध्ये यावे. एके काळी कापसाचा आणि सुताचा व्यवहार या प्रचंड दिवाणखान्यात होई. १९६८ साली तो बंद पडला. शेवटच्या दिवसाचे भाव वर उंच फळ्यावर अजून तसेच लावलेले आहेत. खाली १९७६ पासून नाटकगृह आहे. मूळ जमिनीला त्याचा भार सोसणार नाही म्हणून पोलाद आणि काचेचे ते गोल नाटकगृह भोवतालच्या खांबांना टांगून उभे केले आहे, आणि प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात. भावाच्या फळ्याखाली नाटक, हा देखावा मला फार बोलका वाटला. व्यापार गेला, दिवाणखाना राहिला, आणि गावाने त्याला टाळे ठोकले नाही.

कापसाच्या या कहाणीत मुंबईचाही हिस्सा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मजुरांची उपासमार झाली. त्याच काळात मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ साली सारे कोसळले. एकाची उपासमार ती दुसऱ्याची दिवाळी, आणि ती दिवाळीही चार वर्षांचीच. परंतु मँचेस्टरच्या मजुरांची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोटाला चिमटा बसत असताना त्यांनी १८६२ च्या अखेरीस सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अब्राहम लिंकनला पाठिंबा दिला आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना आभाराचे पत्र धाडले. शहराच्या मध्यभागी एका चौकात लिंकनचा पुतळा आहे तो त्यासाठी. १९३१ साली गांधीजी लँकेशायरात गेले, तेव्हा खादीच्या चळवळीमुळे ज्यांचे काम गेले त्याच गिरण्यांतील बायांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे त्या प्रांताच्या स्वभावाची कल्पना येते.

याच स्वभावाचे दुसरे ठिकाण म्हणजे ‘पीपल्स हिस्टरी म्युझियम’. नदीकाठच्या एका जुन्या पंपघरात ते आहे. कामगार संघटनांचे रंगीत रेशमी ध्वज तेथे ओळीने टांगले आहेत. आपल्याकडे जरीपटका जपतात तितक्या काळजीने ते जपले आहेत. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागण्यासाठी सुमारे साठ हजार माणसे जमली असता त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले. अठराच्या आसपास माणसे मेली, शेकडो जखमी झाली. ‘पीटरलू’ म्हणतात ते हेच. या घटनेनंतर दोन वर्षांनी, १८२१ मध्ये, ‘मँचेस्टर गार्डियन’ हे वर्तमानपत्र निघाले.

आता माझ्या विषयाकडे येतो. सेंट पीटर्स फील्डच्याच जागेवर पुढे ‘फ्री ट्रेड हॉल’ उभा राहिला, आणि त्यात ३० जानेवारी १८५८ रोजी चार्ल्स हॅले या मूळच्या जर्मन वादकाने आपल्या वाद्यवृंदाचा पहिला जलसा केला. आदल्या वर्षी मँचेस्टरला कलावस्तूंचे एक भव्य प्रदर्शन भरले होते. ते तेरा लाखांवर लोकांनी पाहिले. तेथे वाजवण्यासाठी जमवलेले वादक प्रदर्शन संपल्यावर पांगू नयेत म्हणून हॅलेने हा उद्योग आरंभिला. त्याचा एक आग्रह होता. श्रीमंतांच्या खुर्च्यांबरोबर एक शिलिंगाच्या जागाही असल्याच पाहिजेत. गिरणीतील माणूसही आत आला पाहिजे. तो वाद्यवृंद आजही ‘हॅले’ याच नावाने चालू आहे. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात फ्री ट्रेड हॉल जळाला. १९४३ साली जॉन बार्बिरोली आला तेव्हा वृंदात मोजकेच वादक उरले होते, आणि युद्धाच्या धामधुमीत मिळतील त्या माणसांतून त्याने वृंद पुन्हा उभा केला. १९९६ पासून हॅलेचे मुख्य घर म्हणजे ‘ब्रिजवॉटर हॉल’. रस्त्यावरच्या ट्रामचा थरकाप आत पोचू नये म्हणून ही अवाढव्य इमारत जवळजवळ तीनशे स्प्रिंगांवर ठेवली आहे. तेथे बसून मी पहिल्या पाच मिनिटांत वाद्यवृंदाकडे कमी आणि शांततेकडे अधिक कान दिला. अशी शांतता पैशाने विकत मिळते हे खरे. पण ती विकत घ्यावी असे एखाद्या शहराला वाटले, हे अधिक महत्त्वाचे.

मुलांना संगीत शिकवणाऱ्यांनी ‘चेटम्स’ चुकवू नये. १४२१ च्या सुमारास बांधलेल्या दगडी वास्तूत हम्फ्री चेटम या कापडव्यापाऱ्याच्या मृत्युपत्रानुसार १६५३ साली ग्रंथालय सुरू झाले. इंग्रजी बोलणाऱ्या जगातील सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय असा त्याचा लौकिक आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स ज्या खिडकीतल्या मेजाशी बसून वाचीत, ते मेज दाखवतात. त्याच आवारात १९६९ पासून संगीताची निवासी शाळा आहे. अंगणातून जाताना एका खिडकीतून व्हायोलिन, दुसरीतून क्लॅरिनेट ऐकू येते, सारे एकदम, सारे बेसूर नव्हे पण सारे अपुरे. कोणत्याही गायनशाळेच्या ओट्यावर संध्याकाळी उभे राहिले की हाच गोंगाट कानी पडतो, आणि मला तो फार प्रिय आहे.

डीन्सगेटवरचे जॉन रायलंड्स ग्रंथालय पाहताना आपण चर्चमध्ये आलो असे वाटते. एका कापूससम्राटाच्या विधवेने, एन्रिकेटा रायलंड्स या बाईने, नवऱ्याच्या स्मरणार्थ ते बांधले आणि १ जानेवारी १९०० रोजी लोकांसाठी उघडले. योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा पपायरसाचा तुकडा तेथे आहे. नव्या कराराच्या उपलब्ध हस्तलिखितांतील तो अत्यंत जुन्यांपैकी गणला जातो. आत जाण्यास पैसे पडत नाहीत. विद्यापीठाच्या मँचेस्टर म्युझियमलाही पैसे पडत नाहीत. तेथे फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आशियाचे स्वतंत्र दालन उघडले आहे, आणि त्याची मांडणी तेथे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या तीस माणसांनी तज्ज्ञांबरोबर बसून केली. आपली गोष्ट आपण सांगावी, दुसऱ्याने कपाटात लावून ठेवू नये, ही त्यामागची कल्पना.

क्रिकेटच्या शौकिनांना वेगळे सांगणे नको. ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान ट्रामने सहज गाठता येते. १९३६ साली विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली यांनी तेथे २०३ धावांची सलामी दिली; १९५२ साली आपल्या वडोद्याचे विजय हजारे कप्तान असताना भारताचा संघ एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा गारद झाला; १९५९ साली त्याच मैदानावर वडोद्याचेच दत्ताजीराव गायकवाड कप्तान होते; आणि १९९० साली सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने तेथेच आपले पहिले कसोटी शतक पुरे केले. सुख आणि दुःख दोन्ही एका हिरवळीवर पाहायची असतील, तर याहून योग्य जागा नाही.

परंतु मला विचाराल, तर मँचेस्टरमध्ये पाहण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाल्यास मी मध्यवर्ती ग्रंथालयाचे नाव घेईन. गोल घुमटाची ही इमारत १९३४ साली पाचव्या जॉर्ज बादशहाने उघडली आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. तिच्या आत हेन्री वॉटसन संगीत ग्रंथालय आहे. हा वॉटसन कोणी लक्षाधीश नव्हता. बर्नली गावात सामान्य स्थितीत जन्मलेला, शिकवण्या करणारा, वृंद चालवणारा असा तो एक संगीतशिक्षक. आयुष्यभर त्याने जी संगीताची पुस्तके आणि स्वरलिपीचे ग्रंथ जमवले, ते हजारोंच्या संख्येने त्याने १८९९ साली शहराला देऊन टाकले. आज तेथे कोणीही जावे, कपाटातून स्वरलिपी काढावी, पाहिजे तर घरी न्यावी. वाजवून पाहण्यासाठी पियानो ठेवले आहेत. मी गेलो तेव्हा एक बांधकाम मजुरासारखा दिसणारा मनुष्य कानाला यंत्र लावून पियानोवर एकच ओळ पुनःपुन्हा घोटत होता. त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हते.

या ग्रंथालयाची एक हकीकत आपल्या वाचकांनी अवश्य ऐकावी. व्हिवाल्डी हा इटालियन रचनाकार १७४१ साली वारला आणि पुढे बराच काळ विस्मरणात गेला. त्याच्या आणि इतरांच्या रचनांची काही हस्तलिखिते रोममधील एका धर्मगुरूच्या संग्रहातून इंग्लंडमध्ये आली, एका उमराव घराण्याकडे राहिली, नंतर एका प्रकाशकाच्या हाती पडली आणि १९६५ साली या ग्रंथालयाने विकत घेतली. १९७३ साली मायकेल टॉल्बट नावाचा एक अभ्यासक तेथे बसून ती चाळीत असता, व्हायोलिनच्या बारा सोनाटांचा एक संपूर्ण संच त्याच्या ध्यानात आला. आज जगभर ते ‘मँचेस्टर सोनाटा’ म्हणून वाजवले जातात. जी हस्तलिखिते दोन शतके मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यांतून फिरली, ती सार्वजनिक फळीवर आल्यावर आठ वर्षांत बोलू लागली. सोनाटा व्हेनिसच्या माणसाचे, आणि नाव मिळाले मँचेस्टरचे. कारण दार मँचेस्टरचे उघडे होते.

आता हे का पाहावे ते सांगतो. माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात चाकरीस लागलेल्या अगदी शेवटच्या मंडळींपैकी होते; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारचे गाणे मोजक्यांनी ऐकले. पण ते गाणे केवळ दरबारात राहू नये ही दृष्टी आपल्या राजाला होती, हे विसरता कामा नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली आणि सामान्यांच्या मुलांना स्वरलिपीवरून गाणे शिकवण्याची सोय केली. हॅलेची शिलिंगाची जागा आणि ही गायनशाळा यांत मला फारसा फरक दिसत नाही. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला आणून राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांतून फिरू लागल्या. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती वडोद्यातच. म्हणजे उघडे दार ही काही मँचेस्टरवरून आणण्याची चीज नव्हे. ती आपल्या घरातच होती.

आज मात्र काय दिसते? जुन्या घरांच्या माळ्यांवर चिजांच्या वह्या आहेत, मोडी आणि बाळबोध लिपीत उतरून घेतलेली धृपदे आहेत, तुंबे फुटलेले तानपुरे आहेत, जलशांची छायाचित्रे आहेत, दरबारच्या बिदागीचे कागद आहेत. वाडा विकला जातो, सदनिका लहान असते, आणि रद्दीवाला दारात उभा असतो. ज्यांनी हा ठेवा संस्थांना दिला, त्यांचाही अनुभव नेहमी बरा नाही. माझ्या वडिलांच्या तीन वह्या एका संस्थेने अभ्यासासाठी म्हणून नेल्या. पावती नाही, नोंद नाही. त्या आज कोठे आहेत, हे तेथील कोणासही सांगता येत नाही. अशा गोष्टी कानावर आल्या की घरे पुन्हा दारे लावून घेतात. मग वह्यांची वाळवीशी गाठ पडते आणि आपण म्हणतो, घराण्याची विद्या लोपली.

विद्या अशी लोपत नाही. ती कुलपात मरते. दोष केवळ संस्थांचा नाही. ‘आमची चीज बाहेर जाता कामा नये’ हा अभिमान आपल्या घरांत अजून आहे. त्या अभिमानाला पूर्वी अर्थ होता, कारण चीज हेच गवयाचे उत्पन्न होते. आज ज्या घरात गाणारे कोणी उरले नाही, तेथे ती वही राखून कोणाचे पोट भरणार आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि तिला सरकारच्या तिजोरीची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक घराने आपल्याकडे संगीताचे काय आहे याची यादी करावी. वही कोणाची, साल कोणते, राग कोणते, एवढे जरी लिहिले तरी पुरे. कोणतीही वही घराबाहेर देण्यापूर्वी तिच्या पानापानाचे छायाचित्र घ्यावे. आता ते घरातला शाळकरी मुलगाही खिशातल्या फोनवर घेऊ शकतो. आणि द्यायचीच झाली तर लेखी पावती घेऊन, ‘वाचणाऱ्या प्रत्येकास पाहू द्यावी’ ही अट घालून द्यावी. जी संस्था अशी पावती देण्यास कचरते, तिला वही देऊ नये. जी संस्था आनंदाने देते, तिच्या मागे सर्व घरांनी उभे राहावे. आपल्या ग्रंथालयांपैकी एकाने जरी एक खोली, चार कपाटे, एक तानपुरा आणि एक पेटी यासाठी मोकळी केली, तरी पहिली दोन वर्षे तेथे शिकवण्यास आणि जुन्या वह्या लावून देण्यास मी व माझ्यासारखे आणखी काही शिक्षक विनामूल्य येऊ.

मँचेस्टरला जाणाऱ्यांनी फुटबॉलचे मैदान अवश्य पाहावे, रशोमच्या रस्त्यावर आपल्याकडच्या चवीचे जेवण करावे, ट्रामने फिरावे, छत्री न विसरता न्यावी. नगरभवन मोठ्या दुरुस्तीसाठी २०१८ साली बंद करण्यात आले होते. ते पाहायचे असेल तर निघण्याआधी चौकशी करावी. पण एक सकाळ त्या गोल घुमटाच्या ग्रंथालयात राखून ठेवावी. कोणासही कधी विचारावे लागत नाही अशा सहजपणे कपाट उघडावे, एक जुनी स्वरलिपी हातात घ्यावी आणि आपल्या माळ्यावरची ट्रंक आठवावी. परतल्यावर ती ट्रंक खाली उतरवली, तर विमानाचे भाडे वसूल झाले असे खुशाल समजावे.